रक्ताची साक्ष

भविष्य जाणण्याची इच्छा ही मनुष्याच्या अगदीं जुन्या इच्छांपैकीं एक होय. तळहाताच्या रेषा, जन्मकाळचे ग्रह, पालीची चुकचूक, पिंगळ्याचे बोल,—जेथें जेथें उद्यांची चाहूल लागेल असें त्याला वाटलें, तेथें तेथें त्यानें कान लावून पाहिला. शिकल्यासवरलेल्या माणसास आज या गोष्टींचें हसूं येतें. परंतु त्यावरून ती इच्छा ओसरली असें समजण्याचें कारण नाहीं. ती ग्रहांकडून रक्ताकडे वळली आहे, इतकेंच. आणि रक्त हा ग्रहांपेक्षां पुष्कळच विश्वासू साक्षीदार असल्यामुळें तो काय सांगतो, कितपत सांगतो आणि त्याच्या सांगण्यावरून आपण काय करावें, हे प्रश्न जुन्या फलज्योतिषाच्या वादापेक्षां अधिक गंभीर झाले आहेत.

या प्रश्नांचा विचार करण्यास मूत्रपिंडाच्या आरोपणासारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. एका मनुष्याच्या देहांतील मूत्रपिंड काढून तें दुसऱ्याच्या देहांत बसवावयाचें. तें तेथें किती काळ टिकेल याचा अंदाज घेणाऱ्याच्या रक्तांतील कांहीं गमकांवरून बांधावयाचा. आणि मूत्रपिंडें थोडीं व मागणारे फार अशी स्थिति असल्यामुळें तें कोणास द्यावें व कोणास देऊं नये हेंही अशाच अंदाजांवरून ठरवावयाचें, असा हा व्यवहार आहे. वैद्यकाच्या दृष्टीनें त्यांत शिकण्यासारखें जें आहे तें वैद्यकाच्या ग्रंथांत आहेच. मला येथें मांडावयाचा प्रश्न नीतीचा आहे. एखाद्याच्या रक्तावरून त्याचें पुढचें भवितव्य अजमावतां आलें, तर त्या ज्ञानानें आपल्याला त्याच्यावर कोणता अधिकार प्राप्त होतो?

प्रथम थोडी माहिती देणें अवश्य आहे. अमेरिकेंत बोस्टन शहरीं, पीटर बेंट ब्रिगहॅम इस्पितळांत, २३ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. जोसेफ मरे व त्यांचे सहकारी यांनीं रॉनल्ड हेरिक या तरुणाचें एक मूत्रपिंड काढून तें त्याचा भाऊ रिचर्ड याच्या देहांत बसविलें. यशस्वी झालेलें असें हें पहिलें आरोपण. हे दोघे एकाच बीजापासून झालेले जुळे भाऊ होते, म्हणून रिचर्डच्या देहानें तें मूत्रपिंड परकें मानलें नाहीं. तो त्यापुढें सुमारें आठ वर्षें जगला. परंतु त्याच्या मूळच्या रोगानें नव्या मूत्रपिंडासही गांठलें व १९६३ सालीं तो वारला. दाता रॉनल्ड मात्र २०१० सालापर्यंत जगला. मरे यांना या कार्याबद्दल १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या हकीकतींतील आठ वर्षांचा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. त्याची पुढें गरज लागणार आहे.

जुळा भाऊ प्रत्येकास नसतो. इतरांच्या बाबतींत देह परक्या अवयवाला ओळखतो व त्याजवर चालून जातो. म्हणून ‘बसविलेलें मूत्रपिंड सुखरूप आहे काय?’ हा प्रश्न रक्ताला वारंवार विचारावा लागतो. त्याचें सर्वांत जुनें उत्तर क्रिएटिनिन नांवाच्या द्रव्याकडून मिळतें. स्नायूंच्या नित्याच्या व्यापारांत हें द्रव्य उत्पन्न होऊन रक्तांत उतरतें व मूत्रपिंड तें गाळून बाहेर टाकतें. गाळणें मंदावलें कीं रक्तांतील त्याचें प्रमाण वाढतें. १८८६ सालीं माक्स याफे या जर्मन रसायनज्ञानें पिक्रिक आम्लाच्या योगानें त्याचा रंग उठतो असें दाखविलें, आणि त्या रंगावरून तें मोजण्याची रीत पुढें रूढ झाली. परंतु हा साक्षीदार उशिरां बोलणारा आहे. बरेंच नुकसान होऊन गेल्यावर तो तोंड उघडतो. म्हणून आधींच बोलेल अशा साक्षीदाराचा शोध सुरू झाला.

तो साक्षीदार रक्तांतील प्रतिद्रव्यांच्या रूपानें सांपडला. देहाची परक्या पेशींशीं एकदां गांठ पडली म्हणजे त्यांच्याविरुद्ध लढणारीं द्रव्यें रक्तांत तयार होतात व वर्षानुवर्षें तेथें राहूं शकतात. अशी गांठ मुख्यतः तीन वाटांनीं पडते: दुसऱ्याचें रक्त घेतल्यानें, पूर्वीं एखादें आरोपण झालें असल्यास त्यानें, आणि स्त्रियांच्या बाबतींत गर्भारपणानें, कारण गर्भ अर्धा पित्याचा असतो व तितक्यापुरता तो आईच्या देहास परका असतो. लॉस एंजेलिस येथील पॉल तेरासाकी या शास्त्रज्ञानें १९६४ सालीं एका थेंबाहूनही थोडक्या द्रव्यांत ही परीक्षा करण्याची रीत प्रसिद्ध केली. घेणाऱ्याच्या रक्तांतील पाणी व देणाऱ्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी एकत्र करावयाच्या. पेशी मेल्या, तर मूत्रपिंडाचीही तीच गति होण्याचा संभव मोठा. १९६९ सालीं पटेल व तेरासाकी यांनीं २२५ आरोपणांचा हिशेब मांडला. परीक्षा प्रतिकूल असूनही ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली असे तीसजण होते. त्यांपैकीं चोवीस जणांचें मूत्रपिंड तत्काळ निकामी झालें. परीक्षा अनुकूल असलेल्या १९५ जणांपैकीं आठांचेंच तसें झालें. हे आंकडे इतके बोलके होते कीं, तेव्हांपासून ही परीक्षा केल्यावांचून आरोपण करणें हें वैद्यास अक्षम्य वाटूं लागलें. आणि तें योग्यच झालें.

आतां या आंकड्यांकडे नैयायिकाच्या दृष्टीनें पाहूं. डोंगरावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे हें अनुमान निर्दोष ठरतें, कारण धूर आहे पण अग्नि नाहीं असें एकही स्थळ आढळत नाहीं. या अखंड साहचर्यास आपल्या शास्त्रकारांनीं व्याप्ति म्हटलें आहे. एक स्थळ जरी उलट निघालें तरी हेतु ‘सव्यभिचार’ ठरतो आणि त्याच्यापासून निश्चय निघत नाहीं. फार तर संभव निघतो. तीसांपैकीं जे सहाजण तत्काळच्या संकटांतून वांचले ते या अनुमानांतील व्यभिचार होत. आणि अनुकूल परीक्षा होऊनही ज्यांचें मूत्रपिंड गेलें ते आठजण दुसऱ्या बाजूचा व्यभिचार होत. रक्तानें खोटी साक्ष दिली असें येथें म्हणतां येत नाहीं. त्यानें समुदायाविषयीं खरेंच सांगितलें. परंतु वैद्यापुढें येऊन बसतो तो समुदाय नसतो. तो एक मनुष्य असतो, आणि तो चोवीसांतला कीं सहांतला हें त्या आंकड्यांत कोठेंही लिहिलेलें नसतें.

येथें कोणी असें म्हणेल कीं, ही तर्कशास्त्र्याची चैन झाली. शस्त्र हातीं घेतलेल्या वैद्यास निश्चयाची वाट पाहत बसतां येत नाहीं, त्याला संभवावरच चालावें लागतें. हें म्हणणें मला सर्वस्वीं मान्य आहे. पावसाचा संभव पाहून शेतकरी पेरतो, वाऱ्याचा संभव पाहून तांडेल शीड उभारतो. संभवावर चालणें यांत अन्याय नाहीं. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, एकाच संभवाचे दोन उपयोग होतात व ते एकमेकांपासून वेगळे ओळखले पाहिजेत. ‘या रोग्यासाठीं काय करावें?’ हा एक प्रश्न. परीक्षा प्रतिकूल निघाली तर त्याच्याकरितां दुसरा दाता शोधावा, औषधयोजना बदलावी, अधिक लक्ष ठेवावें, हीं या प्रश्नाचीं उत्तरें. ‘या रोग्यासाठीं कांहीं करावें कीं नाहीं?’ हा दुसरा प्रश्न. पहिल्यांत रक्त साक्षीदार असतें. दुसऱ्यांत आपण त्यालाच न्यायासनावर बसवितों, आणि निकाल आपण दिला नाहीं, रक्तानें दिला, असें समाधान करून घेतों.

परंतु साक्षीदाराला न्यायासनावरून उठवावें, तर तेथें बसवावें कोणाला? या प्रश्नाचा अनुभव जगानें एकदां घेतलेला आहे. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं १९६० सालीं केलेल्या एका युक्तीमुळें रोग्यास वर्षानुवर्षें डायलिसिसवर जगवितां येऊं लागलें. परंतु यंत्रें मोजकीं होतीं. तेव्हां अमेरिकेंतील सिॲटल शहरीं कोणास यंत्र द्यावें हें ठरविण्याकरितां सात नागरिकांची एक समिति नेमण्यांत आली. ‘लाईफ’ या नियतकालिकानें १९६२ सालीं तिची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां पुष्कळांस धक्का बसला. रोग्याचें उत्पन्न किती, शिक्षण किती, लग्न झालें आहे काय, पोरें किती, देवळांत जातो काय, या गोष्टी ती समिति विचारांत घेत असे. समितींतील माणसें दुष्ट नव्हतीं. आपलीं नांवें गुप्त ठेवून, वेतन न घेतां तीं हें अप्रिय काम करीत होतीं. पण आपल्यासारखा जो, तोच जगण्यास अधिक लायक, असें वाटणें मनुष्यस्वभावांत किती खोल रुजलें आहे, तें त्या प्रकरणानें उघड झालें. पुढें १९७२ सालीं अमेरिकन सरकारनें या उपचाराचा खर्च कायद्यानें आपल्या शिरावर घेतला, तेव्हां त्या समितीची गरज उरली नाहीं.

त्या समितीशीं तुलना केली म्हणजे रक्ताचा अंक किती निःस्पृह वाटतो! त्याला जात कळत नाहीं, श्रीमंती कळत नाहीं, तो कोणाचा भिडस्त नाहीं. म्हणून आंकड्यांची चेष्टा करणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे. मनुष्याच्या लहरीपासून दुर्बळाचें रक्षण करणारें तें एक साधन आहे, आणि पुष्कळदां तें आपलें काम चोख बजावतें.

तथापि अंक निःस्पृह असला तरी त्याचा अर्थ लावणारें सूत्र मनुष्यानेंच रचलेलें असतें. क्रिएटिनिनचेंच पाहा. नुसत्या त्या द्रव्याच्या प्रमाणावरून मूत्रपिंडाची शक्ति कळत नाहीं; वय, लिंग इत्यादि गोष्टी धरून सूत्रानें ती काढावी लागते. अमेरिकेंत प्रचलित असलेल्या सूत्रांत आणखी एक गोष्ट धरलेली होती, ती म्हणजे वंश. २००९ सालच्या सूत्रांत रोगी काळ्या वंशाचा असल्यास आलेली संख्या १.१५९ नें गुणीत असत. अभ्यासांतील सरासरीवरून हा गुणक काढलेला होता, द्वेषानें नव्हे. पण परिणाम काय झाला तो पाहा. आरोपणाच्या यादींतील प्रतीक्षाकाल मोजण्यास आरंभ होण्यासाठीं शक्तीचा अंक २० अथवा त्याहून कमी असावा लागे. गोऱ्या रोग्याचा अंक १८ निघाला तर त्याचा काल सुरू होई. त्याच वयाच्या, तितकेंच क्रिएटिनिन असलेल्या काळ्या रोग्याचा अंक गुणाकारानें जवळजवळ २१ होई, आणि तो दाराबाहेर राही. दोघांच्या रक्तानें एकच साक्ष दिली होती. टिपून घेणाऱ्यानें ती दोन तऱ्हांनीं टिपली. २०२१ सालीं वंश वगळून नवें सूत्र तयार झालें. २०२२ सालीं अमेरिकेच्या अवयव-वाटपाच्या व्यवस्थेनें वंशाचा गुणक निषिद्ध ठरविला, व त्या गुणकामुळें ज्यांचा काल बुडाला होता तो त्यांना परत मोजून देण्याचा उपक्रम २०२३ सालीं सुरू झाला.

रक्तावरून मनुष्याचें भवितव्य वर्तविण्याची एक फार जुनी व फार क्रूर रीत आहे, तिची येथें आठवण होते. तेरासाकी यांचा जन्म १९२९ सालीं लॉस एंजेलिस येथेंच झालेला. पण त्यांचे आईबाप जपानी वंशाचे. १९४२ सालीं युद्धाच्या धामधुमींत अमेरिकन सरकारनें पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांदारांतून उठवून छावण्यांत कोंडलें. त्यांतील बहुसंख्य लोक अमेरिकेचे नागरिक होते. तेरासाकींचें कुटुंबही ॲरिझोनांतील हिला रिव्हर येथील छावणींत तीन वर्षें होतें. या लोकांच्या हातून पुढें घातपात होईल, असें भाकीत करण्यांत आलें होतें. आजवर घातपात झालेला नाहीं ही गोष्टच पुढें तो होणार याचें लक्षण होय, असेंही त्या भागाच्या सेनापतीनें आपल्या अहवालांत मांडलें होतें. न्यायशास्त्रांत यास ‘विरुद्ध’ हेत्वाभास म्हणतात. जें कारण उलट गोष्ट सिद्ध करतें तेंच पुढें करावयाचें. १९८८ सालीं अमेरिकन सरकारनें कायदा करून या अन्यायाबद्दल क्षमा मागितली.

ज्या बालकाला त्याच्या रक्तावरून, म्हणजे कुळावरून, कोंडण्यांत आलें, त्यानेंच मोठेपणीं दुसऱ्यांच्या रक्ताची परीक्षा करण्याची रीत काढली, या योगायोगावरून मी कांहीं मोठा सिद्धान्त काढूं इच्छीत नाहीं. पण दोन भाकितांतील अंतर पाहण्यासारखें आहे. सेनापतीचें भाकीत असें होतें कीं, कोणत्याही घटनेनें तें खोटें पडूं नये. तेरासाकींचें भाकीत घटनेच्या स्वाधीन होतें. त्यांनीं चोवीसांबरोबर सहांचीही नोंद केली. आपल्या नियमाचे अपवाद स्वतःच मोजून जगापुढें ठेवले. ज्या भाकिताचे अपवाद मोजले जातात तें शास्त्र; ज्याचे अपवाद मोजूंच दिले जात नाहींत तो पूर्वग्रह, मग त्याच्या अंगावर शास्त्राचा पोशाख असला तरी चालेल.

मात्र शास्त्रालाही हा दोष केव्हां चिकटेल याचा नेम नाहीं. परीक्षा प्रतिकूल असलेल्या रोग्यांना आरोपणच करावयाचें नाहीं असें एकदां ठरलें, कीं पुढें त्यांच्यांत सहाजण वांचतात कीं सोळा, हें कळण्याचा मार्गच बंद होतो. भाकीत खरें ठरत राहतें, कारण तें तपासून पाहण्याची संधि कोणी देत नाहीं. शिवाय ‘यांचें मूत्रपिंड टिकणार नाहीं’ या वाक्यांत एक प्रश्न लपलेला असतो: कोणाच्या मानानें? अनुकूल रक्ताच्या रोग्याच्या मानानें तें कमी टिकेल हें खरें. पण प्रतिकूल रक्ताच्या रोग्यापुढें अनुकूल रक्ताचा पर्याय नसतोच. त्याच्यापुढें पर्याय असतो तो डायलिसिसचा. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स येथील वैद्यांनीं अशा २११ रोग्यांच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें उपचारानें कमी करून आरोपण केलें व २०११ सालीं त्यांचा वृत्तान्त दिला. आठ वर्षांनंतर त्यांच्यापैकीं शंभरीं सुमारें ८१ हयात होते; तशाच प्रकारच्या पण केवळ डायलिसिसवर राहिलेल्यांत हें प्रमाण शंभरीं ३१ च्या आंतबाहेर होतें. २०१७ सालीं ब्रिटनमध्यें अशीच तुलना झाली तेव्हां आरोपण झालेले व वाट पाहत राहिलेले यांच्या आयुर्मानांत असा फरक दिसला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. वाद मिटला असें मला म्हणावयाचें नाहीं. पण दार बंद ठेवलें असतें तर वाद करण्याइतकेंही ज्ञान हातीं आलें नसतें.

आतां वाटपाच्या प्रश्नाकडे वळूं; कारण खरी कसोटी तेथें लागते. मृत दात्याचें एक मूत्रपिंड आहे व मागणारे दोघे आहेत. एकाच्या देहांत तें वीस वर्षें टिकेल असा संभव, दुसऱ्याच्या देहांत पांच. उपयुक्ततावादी म्हणेल, पहिल्यास द्या. दानाचें जास्तींत जास्त चीज करणें हा दात्याचा मान आहे. या युक्तिवादांत बळ आहे, आणि जे तो मांडतात त्यांना निर्दय म्हणणें बरोबर नाहीं. एका मूत्रपिंडाचीं पंधरा वर्षें वायां जातात म्हणजे आणखी कोणाला तरी पुन्हां रांगेंत उभें राहावें लागतें. अमेरिकेंत डिसेंबर २०१४ पासून जो नियम अमलांत आला, त्यांत वय, डायलिसिसवर काढलेलीं वर्षें, मधुमेह व पूर्वींचें आरोपण या चार गोष्टींवरून रोग्याच्या आयुर्मानाचा अंदाज काढून, ज्यांचें आयुष्य सर्वांत अधिक अशा पांचव्या हिश्श्याला उत्तमांतलीं उत्तम मूत्रपिंडें प्रथम द्यावीं, असें ठरलें.

पण हेंच तत्त्व शेवटपर्यंत नेलें तर काय होईल? म्हातारा, मधुमेही, पूर्वीं एकदां दुर्दैवी ठरलेला, हे प्रत्येक वेळीं मागें पडतील. आणि ज्याला दैवानें आधींच कमी दिलें आहे त्याला आपणही कमी द्यावें, हा नियम होऊन बसेल. रिचर्ड हेरिकचीं आठ वर्षें येथें आठवावीं. भावाचें मूत्रपिंड त्याच्या देहांत आठच वर्षें चाललें. रॉनल्डचें दान वायां गेलें असें कोणी म्हणेल काय? त्या आठ वर्षांत रिचर्डनें संसार केला, त्याला मुलें झालीं. वर्षांची बेरीज करतांना वीस ही संख्या आठांहून मोठी आहे, याबद्दल वाद नाहीं. परंतु ज्याच्याजवळ आठच आहेत त्याला तीं आठ वीसांचा तुकडा म्हणून जगावीं लागत नाहींत. तें त्याचें सगळें आयुष्य असतें.

विशेष हें कीं, २०१४ सालच्या त्याच नियमांत दुसरें एक कलम होतें, आणि तें अगदीं उलट दिशेचें होतें. ज्यांच्या रक्तांत इतकीं प्रतिद्रव्यें आहेत कीं शंभरांपैकीं ९८ अथवा त्याहून अधिक दात्यांशीं त्यांचें जुळूं शकत नाहीं, अशांचा अनुरूप दाता निघाला तर त्यांना इतरांच्या आधीं मान द्यावा, असें तें कलम. पूर्वीं ज्या गमकामुळें मनुष्य बाद होत असे, त्याच गमकामुळें तो आतां पुढें आला. रक्ताची साक्ष बदलली नव्हती. ‘याला देऊन फायदा काय?’ असें विचारणारे आतां ‘याला दुसरी संधि मिळण्याचा संभव किती?’ असें विचारूं लागले होते, एवढाच फरक. गमकांतून कर्तव्य आपोआप निघत नाहीं, याचें याहून स्वच्छ प्रमाण मला ठाऊक नाहीं.

आपल्याकडे या गोष्टीला एक वेगळी बाजू आहे, आणि ती घरांतील आहे. मानवी अवयवांच्या आरोपणाचा १९९४ चा कायदा ४ फेब्रुवारी १९९५ रोजीं ज्या राज्यांत प्रथम अमलांत आला त्यांत महाराष्ट्र व गोवा हीं होतीं. तरीही आपल्या देशांत अजून बहुतेक मूत्रपिंडें जिवंत नातलगांकडूनच येतात, आणि देणारांत स्त्रियांचें प्रमाण पुरुषांहून मोठें आहे. आई देते, पत्नी देते, बहीण देते. पण तिला स्वतःला लागलें तर? ज्या स्त्रीनें तीनचार बाळंतपणें काढलीं, तिच्या रक्तांत तींच बाळंतपणें प्रतिद्रव्यांच्या रूपानें उरलेलीं असण्याचा संभव असतो. आणि पति मूत्रपिंड देण्यास पुढें आला, तर नेमकें त्याच्याचविरुद्ध तिचें रक्त उभें राहतें. ज्या कष्टांनीं तिनें कुळ वाढविलें, तेच कष्ट तिच्या बचावाच्या आड येतात. अशा ठिकाणीं ‘रक्त जुळत नाहीं’ हें वाक्य किती सहज उच्चारलें जातें व किती सहज ऐकून घेतलें जातें! पत्रिका जुळत नाहीं म्हटलें कीं जशी बोलणीं थांबतात, तशीं इथेंही थांबतात. वस्तुतः येथें बोलणीं सुरू व्हावयास पाहिजेत. २०११ सालच्या दुरुस्तीनें दोन कुटुंबांनीं आपसांत दात्यांची अदलाबदल करण्यास कायद्याची मान्यता मिळाली आहे. मृत दात्याच्या यादींत नांव घालतां येतें. तज्ज्ञांकडून प्रतिद्रव्यांवर उपचार होऊं शकतो. ‘जुळत नाहीं’ या साक्षीनंतर किती खटपट केली जाते, यावरून त्या घरांत त्या स्त्रीची किंमत काय आहे तें कळतें. रक्तावरून तें कळत नाहीं.

शेवटीं, हें ज्ञान रोग्यास सांगावें काय, हाही एक प्रश्न आहे. २०१९ सालीं पॅरिस येथील संशोधकांनीं ७,५५७ रोग्यांच्या माहितीवरून एक गणित प्रसिद्ध केलें. रक्त, लघवी व मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा यांच्या परीक्षेवरून तें मूत्रपिंड तीन, पांच व सात वर्षांनीं टिकून असण्याचा संभव त्यांत काढतां येतो. त्याची अचूकता साधारणपणें अशी कीं, कोणतेही दोन रोगी घेतले तर कोणाचें मूत्रपिंड आधीं जाईल हें शंभरांपैकीं सुमारें ८१ वेळां बरोबर सांगतां यावें. उरलेल्या १९ वेळां तें चुकतें. रोग्यास हें सांगावयाचें तर दोन्ही आंकडे सांगितले पाहिजेत. पहिला लपविला तर तो तयारी करणार नाहीं. दुसरा लपविला तर तो आशा सोडील.

भविष्य कळल्यावर मनुष्यानें कसें वागावें, याचें एक चित्र महाभारताच्या वनपर्वांत आहे. सत्यवानाचें आयुष्य एकच वर्ष उरलें आहे असें नारद सांगतो. राजा अश्वपति बाप म्हणून व्यवहाराला धरून बोलतो: दुसरा वर पाहावा. सावित्री तसें करीत नाहीं. पण तिनें नारदाचें म्हणणें खोटें मानलें असेंही नाहीं. तिनें दिवस मोजले, तीन रात्रींचें व्रत धरलें, आणि नेमक्या त्या दिवशीं ती पतीबरोबर अरण्यांत गेली. भाकितावर विश्वास ठेवून तिनें मनुष्याला टाकलें नाहीं. भाकितावर विश्वास ठेवूनच ती त्याच्याजवळ राहिली. पुढें यमाशीं झालेला संवाद हा काव्याचा भाग समजून बाजूला ठेवला, तरी एवढा आचार आपल्या हातचा आहे.

मनुष्याच्या रक्तावरून त्याचें भवितव्य कळूं लागलें म्हणून त्याच्यावर आपला अधिकार वाढत नाहीं. त्याच्याविषयींचें आपलें ऋण वाढतें. ज्याचें पुढें बिघडणार हें ठाऊक नव्हतें त्याच्याकडे दुर्लक्ष झालें तर तें अज्ञान म्हणतां येत होतें. आतां तें म्हणतां येणार नाहीं. वाटपाचे नियम करावेच लागतील, कोणाला तरी मागें ठेवावेंच लागेल, आणि त्याकरितां गमकांची मदतही घ्यावी लागेल. पण ज्याला मागें ठेवलें त्याच्यापुढें उभें राहून ‘हा निर्णय आमचा आहे, त्याचीं कारणें हीं आहेत, आणि तुझ्यासाठीं दुसरें काय करतां येईल तें आम्ही पाहत आहों’ असें सांगण्याची तयारी त्या नियम करणाऱ्यांची असली पाहिजे. तीसांतील त्या सहाजणांचीं नांवें आपल्याला ठाऊक नाहींत. परीक्षेचा कागद हातीं घेऊन जो जो रोगी यापुढें वैद्याच्या दाराशीं येईल, तो कदाचित् त्यांच्यापैकींच असेल, हें धरून त्याच्याशीं बोलणें आपल्याला अवश्य आहे.